दार, बैठक आणि गुण : शाळेतील न्यायाचा इतिहास

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. मुलांची नावे पुकारली जातात, आईबापांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते, आणि ज्यास अधिक गुण तो अधिक गुणी, हे आपण सर्वजण गृहीत धरून चालतो. ह्या गृहीताची थोडी तपासणी करावी व तीसाठी मागील पावणेदोनशे वर्षांचा इतिहास ज्ञातिबंधु-भगिनींसमोर ठेवावा, ह्या हेतूने हा लेख लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

मुलास शाळेत न्याय मिळतो की नाही, हा प्रश्न आपल्याकडे तीन रूपांनी पुढे आला. आधी प्रश्न होता शाळेच्या दाराचा. दार उघडल्यावर प्रश्न आला वर्गात बसण्याच्या जागेचा. आणि जागा मिळाल्यावर प्रश्न उरला तो उत्तरपत्रिकेवर पडणाऱ्या गुणांचा. पहिले दोन प्रश्न उघड्या डोळ्यांनी दिसत होते. तिसरा दिसत नाही. म्हणूनच त्याच्यासाठी संशोधनाची गरज पडली.

दाराचा प्रश्न सरकारदरबारी स्पष्टपणे उभा राहिला तो १८५६ साली, धारवाडास. धारवाड त्या काळी मुंबई इलाख्यात होते. एका महार मुलाने तेथील सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला आणि केवळ जातीमुळे तो नाकारला गेला. मुलाने सरकारकडे दाद मागितली. मुलाची बाजू न्यायाची आहे, हे मुंबई सरकारने अमान्य केले नाही. तथापि ह्या एकट्यास घेतले तर इतर मुले शाळा सोडतील व शाळाच निरुपयोगी होईल, असे सांगून सरकारने हात आखडता घेतला. सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याच पाहिजेत, हे तत्त्व पुढे वरिष्ठांनी उच्चारले खरे. परंतु तत्त्व कागदावर उतरणे आणि मूल वर्गात पोहोचणे ह्यांमध्ये कित्येक दशकांचे अंतर पडले.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले ह्यांनी निवेदन सादर केले. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो, हे त्यांनी मांडलेच. शिवाय प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सर्व एकाच वर्णाचे आहेत, ते कष्टकरी वर्गांतून यावेत, अशीही मागणी त्यांनी केली. शाळा म्हणजे केवळ इमारत नव्हे, शिकविणारा मनुष्य कोण आहे ह्यावर शाळेचा न्याय अवलंबून असतो, हे त्यांनी ओळखले होते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याकडे आपणांस परत यावयाचे आहे.

आता बैठकीचा प्रश्न. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्यास शाळेत जात असत तेव्हा दार त्यांस उघडे होते. परंतु वर्गात हुशारीच्या क्रमांकाप्रमाणे इतर मुलांबरोबर त्यांस बसता येत नसे. एका कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर त्यांची बैठक असे. आणि शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटास शिवत नसल्यामुळे ते रोज घरी न्यावे लागे. क्रमांक एक सांगतो आणि बैठक दुसरेच सांगते, अशी ही शाळा होती.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी ह्या प्रश्नास हात घातला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढे जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी कोल्हापूर शहरात वसतिगृहे उभी राहिली. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले. १९१९ मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. राहण्याची सोय ज्ञातिवार, परंतु शिकण्याची जागा एकच, ही त्यांची दृष्टी होती. ज्ञातिसंस्थांनी हे विसरू नये. मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये सी. के. बोले ह्यांचा ठराव संमत झाला. त्यात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळांचाही समावेश होता. अखेर १९५० मध्ये राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि शासनाच्या किंवा शासकीय साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत जात वा धर्म ह्या कारणास्तव प्रवेश नाकारण्यास मनाई केली.

तरीही शहरांत बैठक पुन्हा वेगळी झाली. ह्या वेळी ती फीने वेगळी केली. ऐपतवाल्यांची मुले एका शाळेत आणि मोलकरणीची, रिक्षावाल्याची मुले दुसऱ्या शाळेत, अशी वाटणी आपण सर्वांनी पाहिली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांच्या प्रवेशवर्गातील पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांसाठी ठेवण्याचे बंधन घातले. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शासकीय अथवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खाजगी शाळांना ह्या बंधनातून सूट दिली होती. ती मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द ठरविली.

गरिबांची मुले शेजारी बसली तर आमची मुले बिघडतील, अशी भीती अनेक पालक बोलून दाखवितात. धारवाडच्या कारणाचाच हा नवा अवतार होय. गौतम राव ह्या अर्थशास्त्रज्ञाने ही भीती दिल्लीच्या शाळांत तपासून पाहिली. सवलतीने जमीन मिळालेल्या तेथील खाजगी शाळांस २००७ पासून गरीब मुलांना प्रवेश देणे भाग पडले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात एका शर्यतीची हकिकत आहे. पैशाचे बक्षीस असलेल्या रिले शर्यतीत जोडीदार निवडण्यास श्रीमंत मुलांना सांगितले, तेव्हा पुष्कळांनी जलद धावणारा गरीब मुलगा सोडून हळू धावणारा श्रीमंत मुलगा घेतला. म्हणजे अढीपायी स्वतःचे नुकसान पत्करले. परंतु ज्यांच्या वर्गात गरीब मुले होती त्यांच्यात ही अढी पुष्कळ कमी आढळली, आणि ती मुले अधिक उदारही दिसली. इंग्रजीच्या गुणांत थोडी घट दिसली, हेही संशोधकाने लपविले नाही. एका बाकावर बसण्याने काय साधते, ह्याचा हा मोजून घेतलेला पुरावा आहे.

आता तिसरा प्रश्न, गुणांचा. ह्या दिशेने गाजलेला प्रयोग अमेरिकेत कॅलिफोर्नियातील साउथ सॅन फ्रान्सिस्को येथील एका प्राथमिक शाळेत झाला. रॉबर्ट रोझेन्थाल हे मानसशास्त्रज्ञ व लेनोर जेकबसन ह्या मुख्याध्यापिका ह्यांनी तो केला आणि १९६८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मुलांची एक चाचणी घेऊन शिक्षकांस सांगण्यात आले की अमुक अमुक मुले ह्या वर्षी चमकणार आहेत. वास्तविक ती नावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काढलेली होती. वर्षअखेर खालच्या इयत्तांतील त्या मुलांची प्रगती इतरांहून अधिक आढळली. हा परिणाम खरोखर किती मोठा, ह्यावर विद्वानांत पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु शिक्षकाची अपेक्षा हीसुद्धा मोजून पाहण्याची वस्तू आहे, हे त्या प्रयोगाने जगास शिकविले.

आपल्या देशातील एका शहरात रीमा हॅना व ली लिंडन ह्यांनी ह्याहून नेमका प्रयोग केला व तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांसाठी बक्षिसाची परीक्षा ठेविली आणि उत्तरपत्रिका तपासण्यासाठी शिक्षक नेमले. प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या वरच्या पानावर मुलाचे वय, मुलगा की मुलगी आणि जात लिहिलेली होती. पण ही माहिती खरी नसून वाटेल तशी घातलेली होती. म्हणजे लिहिणारा कोण, ह्याचा वरील जातीशी संबंधच नव्हता. तरीही खालची जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांस ०.०३ ते ०.०८ प्रमाण विचलन इतके गुण कमी पडले. परीक्षेतील गुणांचे प्रमाण विचलन वीस धरले, तर हा फरक सुमारे अर्ध्यापासून दीड गुणापर्यंत होतो. फरक लहान आहे. परंतु शिष्यवृत्तीच्या यादीत नाव राहणे न राहणे कित्येकदा एवढ्यावरच ठरते.

त्या प्रयोगात आणखी दोन गोष्टी आढळल्या. गुण कमी देण्याची ही प्रवृत्ती गठ्ठ्यातील पहिल्या उत्तरपत्रिकांत अधिक होती. अर्थात् हात बसेपर्यंत तपासनीस उत्तराऐवजी जातीवरून अंदाज बांधत होता. दुसरी गोष्ट वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. कमी गुण देणारे शिक्षक प्रामुख्याने खालच्या मानलेल्या जातींचेच होते. वरच्या जातींच्या शिक्षकांत असा भेद आढळला नाही.

आम्हांस ह्याचे नवल वाटले नाही, लाज वाटली. आमच्या नोकरीच्या काळात एका वर्षी तपासलेल्या उत्तरपत्रिका आम्ही वर्गात वाटल्या. एक मुलगा स्वतःची व मित्राची अशा दोन उत्तरपत्रिका घेऊन टेबलाशी आला आणि म्हणाला, “गुरुजी, ह्यात माझे काय चुकले?” दोघांनी गणिताची रीत बरोबर मांडून शेवटची पायरी सोडली होती. मित्र सुशिक्षित घरचा. त्याचे घाईत राहिले असेल, असे समजून आम्ही गुण दिले होते. ह्यास येत नसावे, असे समजून गुण कापले होते. हा मुलगा आपल्याच ज्ञातीचा होता. त्याच्या वडिलांस आम्ही ओळखत होतो, आणि म्हणूनच त्याच्याकडून आम्ही कमी अपेक्षा केली होती. गुण आम्ही तत्काळ दुरुस्त केले. परंतु जी मुले टेबलापर्यंत आलीच नाहीत, त्यांचे गुण कोण दुरुस्त करणार?

महात्मा फुल्यांची मागणी योग्यच होती आणि आजही आहे. मात्र आपला मनुष्य खुर्चीवर बसला की न्याय आपोआप होतो, असे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या जे आपल्याविषयी ऐकले, ते आपल्याच मनात घर करून राहते आणि लाल शाईतून उतरते.

सबब संस्थेच्या कार्यकारी मंडळास आमची दोन कामांची विनंती आहे. निबंधस्पर्धेच्या व शिष्यवृत्तीपरीक्षेच्या कागदांवर नाव, आडनाव, गाव व पोटशाखा झाकून केवळ क्रमांक ठेवावा. शालान्त परीक्षेत बैठक क्रमांकाची पद्धत आहे, ती आपणांस अवघड नाही. दुसरे असे की, पहिल्या दहा उत्तरपत्रिका सर्व तपासून झाल्यावर पुन्हा एकदा पाहाव्यात. आणि पालकांस एवढेच सांगणे की, मुलाने गुणांविषयी शंका काढली तर त्यास उद्धट म्हणून गप्प बसवू नये.

धारवाडच्या त्या मुलाचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. परंतु त्याने अर्ज केला म्हणून दाराचा प्रश्न कागदावर आला. आमच्या वर्गातील मुलाने प्रश्न विचारला म्हणून आम्हांस आमची चूक कळली. असे विचारणारी मुले आपल्या घरोघर निपजोत, हीच ह्या प्रसंगी आमची प्रार्थना.