नातलग-शोध (बालसंरक्षण)

नातलग-शोध म्हणजे आईवडिलांच्या छत्राला पारख्या झालेल्या बालकाचे आप्त शोधून त्याच्या संगोपनात त्यांना सहभागी करून घेण्याची प्रक्रिया होय. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा, हे बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील तत्त्व तिच्या मुळाशी आहे.

कायदेशीर चौकट

निराधार बालक आढळल्यास त्याला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. त्यानंतर १५ दिवसांत सामाजिक तपासणी पूर्ण करणे अपेक्षित असते. अनाथ वा परित्यक्त बालक दत्तकासाठी मुक्त घोषित करण्यापूर्वी समितीने त्याच्या पालकांचा शोध घ्यावा लागतो. त्यासाठी २ वर्षांपर्यंतच्या बालकाबाबत २ महिने, तर त्याहून मोठ्या बालकाबाबत ४ महिने अशी मुदत आहे. दत्तकविधानाच्या संदर्भात काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा यांना कायदा ‘नातेवाईक’ मानतो.

स्थलांतरित कुटुंबे

ऊसतोडणीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतील मजूर कुटुंबे कोल्हापूर जिल्ह्यात येतात. बिद्री (ता. कागल) येथील दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना हा येथील अशा कारखान्यांपैकी एक होय. फडावर पोरक्या झालेल्या मुलाचे आप्त बहुधा दूर मूळ गावी असतात. अशा वेळी कलम ९५ नुसार स्थानिक समिती मूळ जिल्ह्यातील समितीशी विचारविनिमय करून, बालकाच्या हिताचे असल्यास, त्याला तिकडे पाठवू शकते.

आर्थिक साहाय्य

आजी किंवा मामा सांभाळण्यास तयार असूनही गरिबीमुळे मागे सरतात. महाराष्ट्र शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून कुटुंबात वाढणाऱ्या पात्र बालकासाठी दरमहा साहाय्य मिळते; २०२३ मध्ये ही रक्कम १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये करण्यात आली.

मर्यादा

केवळ रक्ताचे नाते पुरेसे नसते. मालमत्तेचा लोभ, बालमजुरी किंवा बालविवाह यांचा धोका संभवत असल्याने गृहभेट आणि बालकाचे मत महत्त्वाचे ठरते. आप्त न मिळाल्यास वा अयोग्य ठरल्यास प्रतिपालकत्वाचा, म्हणजेच फॉस्टर केअरचा, पर्याय असतो. त्यातही भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे आणि अहितकारक नसल्यास आईवडिलांना भेटू द्यावे, असे कलम ४४ सांगते. मूल सांभाळू न शकणारे नातलगही भेटीगाठींतून त्याची मुळे जपू शकतात.

अन्य देशांत

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने कुटुंब-बैठकीची पद्धत रूढ केली. अमेरिकेत २००८ च्या कायद्यानुसार मूल घरातून हलविल्यावर ३० दिवसांत प्रौढ नातेवाइकांना कळवावे लागते.