हाताला वास कसला येतोय?

माणूस निवृत्त झाला, की त्याच्या हातची सही जाते आणि हातात सुरी येते. आमच्या हिची बोटे संधिवाताने आखडली. भाजी आणण्याचे खाते माझ्याकडे पूर्वीपासून होतेच, त्याला चिरण्याचे खाते जोडले गेले. पहिल्याच आठवड्यात गोदाकाठच्या कट्ट्यावर टाळीसाठी हात पुढे केला, तर शेजारचे गृहस्थ नाक उडवून म्हणाले, "काय हो, थेट लासलगावाहून आलात वाटतं?"

मी झटकन हात मागे घेतला. आणि मागे घेता घेता मला आई आठवली. हात मागे घेण्याचा तो झटका मी लहानपणी शेकडो वेळा पाहिला होता.

नाशिक हे गाव मोठे चमत्कारिक. जिल्हा सबंध देशाला कांदा पुरवतो आणि गाव पडले तीर्थक्षेत्र! आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, आमच्या पंचवटीतल्या घरी कांद्याची भजी, कांद्याचा झुणका, कांद्याची थालीपिठे असा निरोपसमारंभ होई आणि एकादशीपासून चार महिने कांदा हद्दपार. वडिलांना ही हद्दपारी मंजूर नव्हती. त्यांच्यापुरता कांदा मागच्या पडवीत स्टोव्हवर परतला जाई. आजीला हे ठाऊक नाही, असे मानायची घरात पद्धत होती. फक्त आई पडवीतून स्वयंपाकघरात शिरू लागली, की आजी उंबऱ्याशी उभी राही.

"बघू हात."

आई हात पुढे करी. आजी हुंगे. "येतोय अजून." की आई परत मोरीवर.

आता हा वास आहे तरी काय? अखंड कांद्याला फारसा वास नसतो. सुरी चालली की आतल्या पेशी फुटतात, एरवी वेगवेगळ्या खोल्यांत नांदणारी द्रव्ये एकमेकांना भेटतात आणि त्या भेटीतून गंधकाची उग्र संयुगे जन्माला येतात. एकत्र कुटुंबात दुसरे काय होते? त्यांतली काही डोळ्यांत पाणी आणतात, काही हाताला चिकटतात. डोळ्यांत पाणी आणणारे विकर जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली शोधले. त्याबद्दल २०१३ साली त्यांना इग नोबेल मिळाले. हे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक. कांद्यावर रडणाऱ्यांपैकी हसण्याची पाळी आली ती बहुधा एवढ्यांवरच.

मोरीवर आईच्या दिमतीला चार गोष्टी होत्या. चुलीतली राख, भांड्यांची चिंच, पिळलेल्या लिंबाची साल आणि चमचाभर डाळीचे पीठ. राख गरिबाघरची खरी, पण तिच्यात खार असतो. त्याची हातावरच्या तेलकटपणाशी गाठ पडली, की कणभर साबणच तयार होतो. आंबट वस्तू मासळीच्या वासावर नामी, कारण तो वास अल्कधर्मी. आम्ल त्याला जागच्या जागी गप्प करते. कांद्याचा वास मात्र आम्लाला तसा वचकत नाही. त्याच्यावर लिंबू चोळले की कांदा आणि लिंबू असे दोन वास येतात.

तुम्ही म्हणाल, साबण का नाही लावायचा? तीच तर गंमत. साबण मोरीवर होता, पण सोवळ्यात त्याला प्रवेश नव्हता. १८८८ साली 'सनलाइट'च्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या, तेव्हापासून साबण म्हणजे विलायती माल आणि त्यात प्राण्यांची चरबी, ही धास्ती सोवळ्या घरांत बसली होती. म्हणजे कांद्याचा वास घालवायचा साबणाने, आणि साबण कांद्याहून विटाळलेला!

वस्तुतः साबण आपल्याला काही परका नाही. शब्द अरबी 'साबून'वरून आलेला असेना का. मेहकरच्या मुलखातल्या डोंगरांत काच आणि साबण करण्याला लागणारे सगळे जिन्नस मिळतात, अशी नोंद अबुल फझलने अकबराच्या अमदानीत 'आईन-इ-अकबरी'मध्ये केली आहे. खाऱ्या पाण्याचे लोणार सरोवर त्याच बाजूला. पुढे १९१८ साली मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी चरबीशिवाय, नुसत्या वनस्पती तेलांचा 'चावी' छाप धुण्याचा साबण काढला. मागून अंगाचा साबण आला, तो आधी 'नंबर दोन'. 'नंबर एक' निघाला १९२२ साली. दुसरा नंबर इतका चांगला, तर पहिला कसा असेल, असे गिऱ्हाइकाने म्हणावे हा हिशेब. चाळीस वर्षे उलटली तरी आजीला यातले काही पटले नव्हते. ती म्हणे, "आत काय घातलंय ते तू बघायला गेली होतीस?"

याला उत्तर एकच होते. आपणच बघायचे.

गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला, १९५७ साली खादी ग्रामोद्योग आयोग आला, आणि कडुनिंब, मोहा, करंज अशा न खायच्या तेलांचे साबण करण्याला उत्तेजन मिळू लागले. त्याच हवेत एका महिला मंडळात साबणाचा वर्ग भरला, आणि जन्मात कशाला 'मी जाते' न म्हणालेली आई म्हणाली, "मी जाते." महिन्याभराने मोरीवर चौकोनी, पांढरट, जरा वाकड्या वड्या दिसल्या. आजीने एक उचलून हुंगली.

"काय आहे यात?"

"खोबरेल, खार आणि पाणी, सासूबाई. माझ्या हाताने केलाय."

आजी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ठेव माझ्यापण मोरीवर एक." उंबऱ्यावरची तपासणी त्यानंतर पंधरा दिवसांत बंद पडली.

ही हकिकत मी पुष्कळ वर्षे आईच्या हुशारीची म्हणून सांगत होतो. कट्ट्यावर हात मागे घेतला त्या दिवशी तिची दुसरी बाजू दिसली. कांदा खात होते वडील. खाऊन सरळ ओसरीवर येऊन आजीशेजारी बसत, तोंडाला दरवळ सुटलेला. "बघू तोंड" असे त्यांना कोणी कधी म्हटले नाही. वास चिरणाऱ्या हाताला लागतो, खाणाऱ्या तोंडाला लागत नाही, असा आमच्या घरचा रसायनशास्त्राचा नियम होता. भजी मीही खाल्ली होती. माझेही तोंड कोणी हुंगले नाही.

तेव्हा मी प्रायश्चित्त म्हणून साबण करायचे ठरवले. हिशेब सोपा. पाचशे ग्रॅम खोबरेलाला सुमारे सत्त्याऐंशी ग्रॅम कॉस्टिक सोडा. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही, नाहीतर ते उसळून अंगावर येते. हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी. सगळे पाळले. फक्त पातेले घेतले ते जर्मनचे. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, हे मला फसफस सुरू झाल्यावर आठवले. त्यातून निघणारा वायू हायड्रोजन, हे ही बाहेरून ओरडली तेव्हा आठवले. आई लोखंडी कढई का घेत असे, ते पंचावन्न वर्षांनी कळले.

दुसऱ्या खेपेला कढई घेतली. चमचाभर रवा घातला, हात घासायला बरा. वड्या कापून महिनाभर सुकवल्या. मग एके सकाळी चार कांदे चिरले, त्या वडीने हात स्वच्छ धुतले आणि मोठ्या ऐटीत हिच्यासमोर धरले.

हिने आखडल्या बोटांनी माझा हात धरला, नाकाशी नेला आणि थेट आजीच्या आवाजात म्हणाली,

"येतोय अजून."

मी मुकाट्याने परत मोरीवर गेलो.