‘नको’चे कूळ

‘तो आला नाही’ हा एक नकार आणि ‘येऊ नको’ हा दुसरा. पहिल्यात विधान खोडले जाते, दुसऱ्यात समोरच्याला अडवले जाते. संस्कृतात या दोन कामांना दोन अव्यये होती, ‘न’ आणि ‘मा’. हिंदीतले ‘मत’ या ‘मा’च्याच घराण्यातले असावे. मराठीने ‘मा’ टाकला, भेद मात्र टाकला नाही. त्या रिकाम्या जागी ‘नको’ येऊन बसला. तो आला कुठून?

भेद तसा जगभर आढळतो. प्रशांत महासागरातल्या सामोअन भाषेत नुसत्या ‘नाही’ला ‘लेआइ’ म्हणतात आणि मनाईला ‘आउआ’ हा निराळा शब्द आहे. उलट उत्तर इटलीतली लोंबार्ड घ्या. मिलानकडच्या बोलीत ‘मिंगा’ हा एकच शब्द विधानही नाकारतो आणि मनाईही करतो. त्याचे मूळ मोठे गोड आहे: लॅटिन ‘मिका’, म्हणजे कण. ‘कणभरही कळत नाही’ यातला ‘कणभर’ तेवढा उरला आणि तोच नकार झाला! शिवाय तो क्रियापदाच्या मागे बसतो, आपल्या ‘येऊ नको’सारखा. सामोअन, लोंबार्ड आणि मराठी यांच्यात उसनवारीचा काही संबंध नाही; अशी साम्ये आपापली उगवतात. ‘नको’ची गोष्ट निराळी दिसते, कारण त्याला सख्खे शेजारी आहेत.

व्युत्पत्तीचा पहिला धागा ‘न खलु’ असा सुचतो. ‘खलु’चे प्राकृतात ‘खु’, ‘क्खु’ होते, म्हणून ‘ण खु’पासून ‘नको’ निघाले असावे. पण मग ‘ख’चा महाप्राण कुठे गेला? दुसरा धागा ‘न करो’सारख्या रूपाचा, तिथे ‘र’ गळाला असे मानावे लागते. मला पहिला अधिक पटतो, कारण वारंवार उच्चारल्या जाणाऱ्या छोट्या अव्ययांची झीज नेहमीच्या नियमांपेक्षा जास्त होते. मूळ काहीही असो, मराठीने त्याला क्रियापदाचे कपडे चढवले: ‘नको’, ‘नकोस’, ‘नका’. अव्ययाला असा पुरुष-वचनाचा साज क्वचितच मिळतो. आजच्या जालना जिल्ह्यातल्या जांबेत 1608 साली जन्मलेल्या रामदासांनी ‘मनाचे श्लोक’ रचले, त्यांत मनाला आवरताना हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो.

खरी गंमत अर्थात आहे. ‘जाऊ नको’ ही मनाई; ‘मला चहा नको’ ही अनिच्छा. हिंदीतल्या ‘मत’ला हे दुसरे काम जमत नाही, तिथे ‘नहीं चाहिए’ लागते. पण कन्नड ‘बेड’ पाहा: ‘होगबेड’ म्हणजे जाऊ नको, ‘ननगे बेड’ म्हणजे मला नको. तेलुगू ‘वद्दु’ दोन्ही कामे करतो, तमिळ ‘वेण्डाम’ही. म्हणजे शब्द आर्य कुळातला, त्याचा संसार मात्र द्राविडी पद्धतीचा असे दिसते.

या शेजाराचा पुढचा टप्पा पाहायला आता जालन्यात या. कुंडलिकेच्या एका काठी जुना जालना, दुसऱ्या काठी कादराबाद. ‘कादर’ अरबी, ‘आबाद’ फारसी. जालना हे नाव ‘जुलाहा’ म्हणजे विणकर या फारसी शब्दावरून पडले अशी कथा सांगतात. कथा रंजक आहे, पण त्यातला ‘ना’ कुठून आला हे तिला सांगता येत नाही, म्हणून ती मागून जुळवलेली असावी. या गावात मराठीला लागून दखनी बोलली जाते. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 च्या सुमारास दौलताबादेला राजधानी हलवली, तेव्हा दिल्लीकडची बोली दक्षिणेत आली आणि इथे तिची दखनी झाली. ‘दक्षिण’, प्राकृत ‘दक्खिण’, त्यावरून ‘दखनी’: देह उत्तरेचा, नाव दक्षिणेचे. लोंबार्डचेही असेच. लांगोबार्ड ही जर्मानिक टोळी 568 साली इटलीत उतरली. तिची भाषा लोपली, नाव तेवढे लॅटिनच्या लेकीला चिकटले.

दखनीने मराठीकडून ‘नको’ घेतला आणि त्याचा ‘नक्को’ केला. ‘मेरेकू नक्को’ यात अनिच्छा आहे, ‘ऐसा नक्को बोलो’ यात मनाई. दोन्ही अर्थ शाबूत. जागा मात्र बदलली. मराठीत ‘बोलू नको’, क्रियापदानंतर. दखनीत बहुधा ‘नक्को बोलो’, म्हणजे जिथे ‘मत’ बसायचा तिथे. एका शब्दात मराठीचा आवाज, द्राविडी अर्थविस्तार आणि दिल्लीकडची वाक्यरचना!

‘नको’ एकटा गेला नाही. ‘ऐसाइच’, ‘मैंच’ यांतला ‘च’ही आपलाच. त्याची वंशावळ ‘नको’पेक्षा स्वच्छ आहे: संस्कृत ‘चैव’, प्राकृत ‘च्चेअ’, ‘च्चिअ’, मग ‘च’. बाराव्या शतकात हेमचंद्राने ही अवधारणाची, म्हणजे जोर देणारी, अव्यये व्याकरणात नोंदवली आहेत. सातवाहन राजा हालाच्या ‘गाथासप्तशती’ या प्राकृत संग्रहातही ती भेटतात, आणि सातवाहनांचे पैठण जालना जिल्ह्यातल्या अंबडपासून लांब नाही. जोर देणे आणि नकार देणे, ही बोलण्यातली अगदी आतली कामे. तिथले शब्द बाजारातल्या मालासारखे सहज हात बदलत नाहीत. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या अंगण एक असावे लागते.

दखनी बोलणारे वाचक असतील, तर त्यांना एक विनंती. जालना, अंबड, परतूर, भोकरदन या भागांत ‘नक्को’ क्रियापदाआधी येतो की नंतर, आणि आदरार्थी ‘नका’चे रूप कुठे ऐकू येते का, हे टिपून ठेवा. हा शब्द दखनीत नेमका कसा रुळला, याचा माग त्यातून लागेल.