पेल्यातलं गाव : बर्गंडी आणि तासगाव

मंडळी, फ्रेंच लाल वाइनचा घोट घेतला की आधी जाणवतो तो तुरटपणा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते ना, तसाच. तो येतो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून, रंगही सालीचाच. डेव्हिड ह्यूमनं १७५७ मध्ये रुचीवर निबंध लिहिला, त्यात ‘डॉन किहोते’मधली गोष्ट आहे. पिंपातली वाइन चाखून एक म्हणतो, चामड्याची चव लागते; दुसरा म्हणतो, लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी निघते चामड्याची वादी बांधलेली किल्ली! म्हणजे चव ही नुसती ज्याची त्याची लहर नव्हे. गुळाची ढेप चाखून पारख करणारे इथं आष्ट्यात बसलेत, त्यांना हे ह्यूमनं सांगायला नको.

बर्गंडीच्या पेल्यातली किल्ली म्हणजे तिथला इतिहास. १३९५ साली ड्यूक फिलिपनं फर्मान काढलं : गामे जातीच्या वेली उपटा, पिनो न्वार राखा. गामेला पीक भरघोस येतं, पण तिच्या वाइननं बर्गंडीचं नाव बुडतं, असं त्याचं म्हणणं. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर हा जुलूमच. नाव ड्यूकचं, नुकसान कुळाचं! पुढे गामे दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटी जमिनीत रुळली, पिनो उत्तरेच्या चुनखडीत राहिली. १९३५ च्या कायद्यानं तर हद्द, जात, हेक्टरी उत्पादन सगळंच बांधून टाकलं. म्हणून त्या बाटलीवर सहसा द्राक्षाचं नाव नसतं, गावाचं असतं.

आता तासगाव-पलूसकडं या. आपल्याकडं एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी आणि ऊन चढत असताना तोडणी. बर्गंडीत वेल हिवाळाभर झोपते. सप्टेंबरात हवा निवत असताना द्राक्ष पिकतं, म्हणून आंबटपणा टिकतो. २००१ च्या राज्य धोरणानंतर पलूसला वाइन पार्क आलं, विंचूरलाही आलं. पुढं गेलं ते नाशिक. आपलं थॉम्पसन खायला आणि बेदाण्याला. त्याला ना बी, ना काळी साल, मग तुरट लाल वाइन निघणार कशातून? यात मला कमीपणा वाटत नाही. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालंच आहे. पण सौद्यात भाव ठरतो रंगावर, आकारावर. कुठल्या गावचा माल, हे कोण विचारतं? आणि गावाच्या नावासाठी एकरी माल कमी धरा, असं कर्ज काढून बाग उभी केलेल्याला सांगायचं कुणी?