ध्वनिलहरींवरील शेजारधर्म

३१ मे २०१९ रोजी संध्याकाळी न्यूयॉर्क शहरातील डब्ल्यू.पी.एल.जे. हे नभोवाणी केंद्र बंद झाले. १९७१ पासून या नावाने ते लोकप्रिय संगीत ऐकवीत आले होते. त्याच ध्वनिलहरीवर लागलीच ‘के-लव्ह’ या ख्रिस्ती संगीतवाहिनीची भक्तिगीते घुमू लागली. ख्रिस्ती मनाला याचा आनंद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा बदल कसा घडला, हे पाहिल्यावाचून त्याचे खरे मोल कळणार नाही.

‘के-लव्ह’ चालविणारी एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन ही धर्मादाय संस्था. १९८२ साली कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे एका केंद्रापासून तिचा प्रारंभ झाला. जाहिराती न घेता श्रोत्यांच्या देणग्यांवर ती चालते. एकाच ठिकाणाहून निघणारा कार्यक्रम उपग्रहाद्वारे देशभरच्या केंद्रांवर पोहोचतो. गावोगावी निवेदक नेमावे लागत नाहीत.

भारतात धार्मिक संस्थांना खासगी एफ.एम. केंद्राचा परवाना मिळत नाही. अमेरिकेत तशी आडकाठी नाही. तरीही मोठ्या शहरांतील केंद्रे विकत घेणे सोपे नव्हते. ती वाट बव्हंशी व्यापारी जगातील घडामोडींनी मोकळी केली. एका कंपनीने देशभरात किती केंद्रे बाळगावीत, यावरील मर्यादा १९९६ च्या दूरसंचार कायद्याने उठविली. कंपन्यांनी कर्जे काढून शेकडो केंद्रे घेतली. पुढे जाहिरातींचे उत्पन्न घटले, कर्ज मात्र राहिले. त्यांपैकी क्युम्युलस कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्यातून सावरल्यावर, २०१९ मध्ये, तिने न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, अटलांटा यांसह सहा केंद्रे १० कोटी ३५ लाख डॉलर्सना या संस्थेस विकली. तत्पूर्वी २०१७ मध्ये लॉस एंजेलिस व २०१८ मध्ये शिकागो येथील एकेक केंद्र तिच्याकडे आले होते.

आणखी एक बदल ध्यानात घ्यावा. परवाना ज्या गावासाठी असेल, त्या परिसरात केंद्राचा मुख्य स्टुडिओ असावा, असा तेथील जुना नियम होता. धर्मादाय जाळ्यांना त्यातून सूट मिळत असे. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो नियमच रद्द करण्यात आला.

स्थानिक आवाज ख्रिस्ती संगीतानेच घालविला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दूर बसलेल्या व्यापारी मालकांनी गावोगावचे निवेदक आधीच कमी केले होते. शिवाय रुग्णशय्येवरील एकाकी माणसाला रात्री एखादे भक्तिगीत धीर देते, हेही थोडे नव्हे.

तथापि गावात पूर आला, शाळा बंद राहिली, कोणाचे घर जळाले, ही वार्ता उपग्रहावरून येणारे गीत सांगत नाही. शुभवर्तमानातील शोमरोनी वाटसरू जखमी माणसाजवळ थांबला, म्हणूनच तो शेजारी ठरला. ध्वनिलहर विकत घेता येते. शेजारधर्म मात्र तेथे राहूनच पाळावा लागतो. जेथे गीत दुरून येते, तेथे शेजाऱ्याची विचारपूस करण्याचे काम धर्मग्रामातील कुटुंबांकडेच उरते.