बारा वर्षं न बुजलेली फट

पेण-रोह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लिनक्सचा एकच सर्व्हर पन्नास विद्यार्थी वापरत असतील, तर त्यातल्या एकालाही ‘रूट’ होता येता कामा नये. सगळ्या फायली वाचण्या-बदलण्याचा अधिकार त्या एका खात्याकडे असतो. पुण्यात आयसरच्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकावरही अनेक संशोधक असेच लॉगिन करतात.

पण साध्या वापरकर्त्याला स्वतःचा पासवर्ड बदलायचा, तरी रूटच्या ताब्यातल्या फायलीत लिहावं लागतं. त्यावर बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ‘सेटयूआयडी’ची युक्ती काढली: प्रोग्राम कुणीही चालवो, अधिकार मालकाचे. 1979 मध्ये तिला अमेरिकी पेटंट मिळालं.

गोम इथेच. अशा प्रोग्रामात चूक राहिली, की उसना अधिकार चालवणाऱ्याच्या हाती लागतो.

मे 2009 मध्ये आलेल्या ‘पीकेएक्झेक’ या लिनक्सवरच्या सेटयूआयडी प्रोग्रामात अशीच चूक राहिली. आपल्याला निदान एक आर्ग्युमेंट (चालवताना दिलेला मजकूर) मिळणारच, असं त्यात गृहीत धरलं होतं. एकही दिलं नाही, तर तो मेमरीत शेजारच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या (प्रोग्रामला मिळणाऱ्या सेटिंगच्या) जागेत लिहायचा आणि सुरक्षेसाठी गाळलेलं घातक व्हेरिएबल पुन्हा आत यायचं. प्रोग्रामर रायन मॅलन यांनी 2013 मध्येच या वागण्याकडे लक्ष वेधलं होतं. त्यातून रूटपर्यंत जाणारी वाट दाखवली ती पुण्यातही कार्यालय असलेल्या ‘क्वालिस’ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी. 25 जानेवारी 2022 रोजी ही फट ‘पॉनकिट’ या नावाने जाहीर झाली.

खरा उपाय पॅकेज अद्ययावत करण्याचा. तोवर पीकेएक्झेकवरचा सेटयूआयडी बिट काढून टाकण्याची एक आज्ञा तात्पुरती पुरेशी होती. त्याच वर्षी आलेल्या लिनक्स कर्नल 5.18 पासून आर्ग्युमेंटची यादी रिकामी आली, तर कर्नल स्वतःच तीत एक कोरी स्ट्रिंग घालतो.