मूळ का मिक्स?

चपलांचे पट्टे घट्ट करा आणि मोबाइल खिशात खोल ढकलून द्या. आपण जिथं चाललोय तिथं त्याचा उपयोग आरशापुरताच आहे. साल 2006. 13 एप्रिलची दुपार, तीनचा सुमार. नांदेड.

सगळ्यात आधी ऊन भेटतं. वजिराबादच्या रस्त्यावर उतरताच डांबराचा चटका चपलेतून तळव्याला लागतो. हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात बैसाखीसाठी आलेले यात्रेकरू केशरी पगड्या सावरत सावली शोधतायत. भारनियमनामुळे दिवे गेलेत, म्हणून दुकानादुकानापुढं जनरेटर भकभकतायत. त्या धुरात उसाच्या रसाचा गोड वास आणि घुंगरांची छुमछुम मिसळलीय. डोक्यावर दोऱ्यांनी बांधलेल्या निळ्या पताका या खांबापासून त्या खांबापर्यंत, नजर जाईल तिथवर. उद्या बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आहे आणि आज रात्री बारालाच ती सुरू होणार आहे.

त्या गर्दीतून वाट काढत गाण्याच्या दुकानात शिरा. दुकान एवढं अरुंद आहे की आत तिघं गेले तर चौथ्याला पायरीवरच थांबावं लागतं. आज आत नऊ-दहा जण आहेत. कॅसेटी जमिनीपासून छतापर्यंत रचलेल्या, पंखा बंद. गरम प्लॅस्टिक, उदबत्ती आणि घाम असा मिळून एक वास. भिंतीवर गायक प्रल्हाद शिंदे यांचा हार घातलेला फोटो आहे. दोनच वर्षं झालीत त्यांना जाऊन. 2004 साली लोककवी वामनदादा कर्डक गेले, त्याच वर्षी प्रल्हाददादाही गेले. इथल्या कित्येक घरांत त्या दोन्ही दिवशी चूल पेटली नसेल, असं मला मनापासून वाटतं.

काउंटरवर भांडण चाललंय, नीट ऐका. भांडण प्रल्हाददादांची मुलं आनंद-मिलिंद शिंदे, या भावांच्या भीमगीतांवरून, म्हणजे बाबासाहेबांवरच्या गाण्यांवरून आहे. एका बाजूला कंपनीची मूळ कॅसेट. दुसऱ्या बाजूला गावातल्याच पोरांनी कॉम्प्युटरवर बनवलेली एमपी3 सीडी. तिच्या कव्हरवर दोघा भावांचे फोटो कापून चिकटवलेत, मागं आगीच्या ज्वाळा, आणि वर मोठ्या अक्षरात नॉनस्टॉप डीजे मिक्स.

"काका, मूळ कॅसेट एकच राहिली बघा," दुकानदार म्हणतो. "मिक्स म्हणाल तर गठ्ठाच भरून ठेवलाय."

"त्या धडधडीत शब्द कुठं ऐकू येतात रे?" पांढरा सदरा घातलेले गुरुजी विचारतात. "बाबासाहेबांनी काय केलं ते गाण्यात आहे, भोंग्यात नाही."

"गुरुजी, शब्द आमाला पाठ हायेत की," जयंती मंडळाचा पोरगा म्हणतो. कपाळाला निळी पट्टी, हातात पावतीपुस्तक. "पण पाय बी हलाय पायजेत ना!"

दुकानदार वाद मिटवायला बॅटरीवर मिक्स लावतो. ठेका आधी तुमच्या बरगड्यांत येतो, कानांत नंतर. मूळ गाण्यात ढोलकी कशी बोलते, मधे थांबते, टाळ्यांना जागा देते. इथं प्रत्येक मात्रेवर एकच घाव, धप् धप् धप्, वर शिट्टी, सायरन, आणि दर दोन ओळींनंतर मिक्स करणाऱ्या पोराचं नाव. गती वाढवली म्हणून आवाजही चढलाय, थोडा बारीक झालाय. तरी तो आनंद शिंद्यांचाच. कव्वालीच्या फडावर घडलेल्या बापाकडून आलेला मोकळा गळा कितीही यंत्रातून काढला तरी लपत नाही. दुकानातली सगळी डोकी डोलायला लागतात. गुरुजींचंही डोलतं.

इतक्यात पायरीवरून एक आजी बोलते. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. "तुमच्या त्या शीडीत निम्मंच गाणं हाय. पुढलं कुठं गेलं, माय?"

कुणी उत्तर देत नाही. शेवटची मूळ कॅसेट आजी घेऊन जाते.

खरं दुखणं आजीनं बरोबर ओळखलंय. मिक्स करणारा पोरगा मुखडा ठेवतो, तो चार वेळा फिरवतो आणि अंतरे कापतो, कारण अंतऱ्यात नाचणाऱ्याला थांबून ऐकावं लागतं. भीमगीताचा जीव मात्र अंतऱ्यात असतो. वर्गाबाहेर बसून शिकलेला मुलगा, महाडच्या तळ्याचा सत्याग्रह, परदेशातली पुस्तकं, पत्नी रमाईचे हाल, हे सगळं तिथं एकेक पायरीनं येतं. ज्यांच्या हाती पुस्तक आलं नाही त्यांनी हा इतिहास जलशात आणि कव्वालीत ऐकून पाठ केला. तो कापला जातो तेव्हा मला खुपतं. पण पोरांनाही मी दोष देणार नाही. भावांचा आवाज त्यांनी हौसेनं उचललाय, आणि आपल्या रस्त्यावर आपलंच गाणं सगळ्यात मोठ्यानं वाजावं ही त्यांची इच्छा मला कधीच चुकीची वाटली नाही.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, पण इथं तोंड उघडू नका. 2014 साली 'पोश्टर बॉईज' चित्रपटात हेच आनंद शिंदे मुलाला, आदर्शला, सोबत घेऊन डीजेला आवाज वाढवायला सांगणार आहेत. चाल देणार लेस्ली लुईस, हरिहरनसोबत 'कलोनियल कझिन्स' ही जोडी जमवणारा. आज मंडळाच्या त्या पोराला हे सांगितलंत तर तो तुम्हाला उन्हानं भ्रमिष्ट झालेले समजेल.

रात्री बाराला बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी पोचा. पोचा म्हणतोय खरा, पण तुम्ही चालत नाही, गर्दी तुम्हाला नेते. फटाके, मेणबत्त्यांचा वितळता वास, घामाने ओले खांदे, चहूबाजूंनी 'जय भीम'. अनोळखी माणूस गळ्यात पडतो, तोंडात पेढा कोंबतो. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निळा गुलाल इतका उडतो की दात निळे होतात. ट्रॉलीवर माणसाच्या उंचीच्या स्पीकरच्या खोक्यांची भिंत आहे. तिच्यापुढं उभं राहिलात की छाती आपली राहत नाही. नाचा. इथं हात बांधून उभं राहणारा एकही माणूस मला दिसत नाही.

मग काळी-पिवळी धरा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. नऊ जणांच्या जीपमध्ये सोळा, तुमच्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू, खिडकीतून भट्टीसारखी हवा आणि धूळ. समोरच्या बाकावर तीच आजी, लेकीकडं निघालेली. पिशवीतून कॅसेट काढून ती ड्रायव्हरला देते. ड्रायव्हरचं मत वेगळंच आहे. "दिवसा मूळ, रातच्याला मिक्स," तो म्हणतो. "मिक्स नसलं तर झोप लागती, आजी." तरी कॅसेट तो लावतो. लोह्यापर्यंत कुणी बोलत नाही. अहमदपूरला टेप गुंडाळली जाते, ड्रायव्हर बॉलपेन घालून ती फिरवतो, आणि गाणं राहिलं तिथून पुढं.

जयंती इथं एका दिवसात आटपत नाही. या गल्लीची आज, त्या गावाची आठवड्यानं, महिनाभर चालते. लातूरला संध्याकाळी गंजगोलाईत उतरा. 1917 साली बांधलेली ही गोल बाजारपेठ, मधे जगदंबेचं देऊळ, आणि सोळा रस्ते तिला येऊन मिळतात. डीजेचा आवाज सोळाही रस्त्यांनी शिरतो आणि गोल फिरून पुन्हा तुमच्याच पाठीवर येतो. मिरची, गूळ, नवं कापड, त्यात ट्रॅक्टरचं डिझेल. सीईटीच्या अभ्यासाला खोल्या घेऊन राहिलेली पोरं वह्या टाकून खाली आलीत. त्यांचं मत ठाम आहे: मिक्सच, आणि बेस अजून वाढवा.

बायकांचा घोळका ट्रॉलीपुढं चालतोय. मिक्समध्ये मुखडा संपतो, सायरन वाजतो, मुखडा परत सुरू होतो. पण बायका परत फिरत नाहीत. त्या कापलेला अंतरा म्हणायला लागतात, खोक्यांच्या भिंतीपुढं, नुसत्या गळ्यानं. आजी मधोमध आहे. ऐकू येत नाही, ओठ दिसतात. ऑपरेटर पोराला आधी वाटतं त्या भांडतायत. तो आवाज खाली करतो. मग ऐकू येतं, आणि ठेका बंद होऊनही कुणी थांबत नाही. मागचा हलगीवाला तेवढ्यात ताल धरतो. तीन अंतरे होतात. सीईटीवाल्या पोरांतलाही एक जण शेवटची ओळ अचूक म्हणतो. त्याच्या घरी ही कॅसेट होती, हे उघड आहे.

गाणं संपल्यावर ऑपरेटर ट्रॉलीवरून उडी मारून आजीपुढं येतो. त्याला दोनच अंतरे ठाऊक होते. खिशातला बॉलपेन काढून तो तळहातावर लिहायला लागतो, घामानं शाई पसरते, मग तुमच्याकडं कागद मागतो. तुमच्या खिशात काळी-पिवळीच्या भाड्यातून उरलेल्या दोन नोटा आहेत. शेवटी तो मंडळाच्या पावतीपुस्तकाची पाठकोरी बाजू वापरतो.

"पुढल्या मिक्सला टाकतो, आजी."

"सगळे टाक," आजी म्हणते. "आन तुझं नाव मधी मधी ओरडू नको."

पोरगा हसतो, वर चढतो आणि बेस वाढवतो.